चार मिनिटांची फेरी

आमच्या ऑफिसात चहा जरा जास्तच व्हायचा आणि त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटायचं. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची मागे सरकवून उठलं की साहेब विचारायचे, "काय, फेरी लावली वाटतं?" उठणारा माझ्याकडे बोट दाखवायचा आणि कप घेऊन निघून जायचा. ही फेरी म्हणजे काय, ती मी कशी बंद केली आणि त्याचं मला अजून वाईट का वाटतं, एवढंच इथे लिहितो. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. वलवणला धरणाच्या रस्त्यावर सकाळी फिरताना लोक विचारतात, कॉम्प्युटरमध्ये होतात म्हणजे नक्की काय करत होतात? मी काहीबाही सांगून सुटका करून घेतो. इथे तसं करणार नाही.

तळेगावच्या पुढे, हायवेपासून आत, पॅकिंग मशीन बनवणाऱ्या कंपनीत मी होतो. मशीनचा सांगाडा, मोटारी, पाती खाली शेडमध्ये तयार व्हायची. वर बसून आम्ही त्या मशीनची अक्कल लिहायचो. पाकीट किती वेळ दाबायचं, पातं कधी पडायचं, गरम पट्टी किती गरम ठेवायची. प्रत्येक गिऱ्हाइकाचं गणित निराळं. लोणावळ्याच्या चिक्कीवाल्याचं आणि शिरगावच्या देवळाबाहेर पेढे विकणाऱ्याचं मशीन दिसायला सारखंच, पण आतल्या फायली वेगळ्या. अशा फायली साठत साठत काही लाखांवर गेल्या होत्या.

एवढ्या फायलींत कुणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवणारी एक व्यवस्था असते. आम्ही तिला रेपो म्हणायचो आणि ती सांभाळणं हे माझं काम. तुम्ही तुमच्या कॉम्प्युटरवर काम करायचं, मग रेपोला विचारायचं, 'मी काय काय बदललं?' ती यादी देते. यादी बघून तुम्ही बदल जमा करता. जमा झालं की ते सगळ्यांचं झालं, आणि गिऱ्हाइकाकडे मशीनवर चढतं ते जमा झालेलंच. जमा न केलेला बदल तुमच्या कॉम्प्युटरवरच पडून राहतो.

आता रेपोला काय बदललं ते कळतं कसं? तर ती प्रत्येक फाईलपाशी जाऊन बघते. लाखो फायली, एकेक करून. तुम्ही एकच आकडा बदललेला असला तरी ती सगळीकडे हिंडून येणार. याला आम्ही फेरी म्हणायचो. फेरीला चार मिनिटं लागायची. दिवसातून दहा वेळा विचारलं की चाळीस मिनिटं गेली. म्हणून चहा.

वैजयंता त्या चार मिनिटांत चहाला उठायची नाही. ही मळवलीजवळच्या भाजे गावची मुलगी. घरची थोडी भातशेती, वडील रेल्वेत. डिप्लोमा करून आमच्याकडे लागली आणि गिऱ्हाइकांच्या सेटिंगच्या फायली तिच्याकडे आल्या. बाकी सगळे मला सर म्हणायचे, ती भाऊ म्हणायची. 'तुमी आमच्याच बाजूचे' एवढंच त्याचं कारण. फेरी सुरू झाली की ती ड्रॉवरमधून लाल पुठ्ठ्याची वही काढायची आणि आज कुठली फाईल, कुठला आकडा, का बदलला ते लिहायची. मग यादी आली की वहीतल्या ओळीशी एकेक नाव जुळवून बरोबरची खूण करायची. तेवढं झाल्यावरच बदल जमा करायची. मी तिला चिडवायचो की तुझ्यामुळे कंपनीला दोन रेपो सांभाळाव्या लागतात.

पुढे मी फेरी बंद केली. त्यामागची युक्ती अशी. कॉम्प्युटरवर कुठलीही फाईल बदलली की कॉम्प्युटरच्या मूळ व्यवस्थेला ते कळतच असतं, कारण बदल तिच्याच हातून होतो. मग सगळीकडे हिंडायचं कशाला? एक छोटा प्रोग्रॅम कायम जागा ठेवायचा आणि त्या व्यवस्थेला सांगून ठेवायचं की काही बदललं की याला निरोप दे. रेपोने विचारलं की हा प्रोग्रॅम म्हणणार, 'या तीन फायली बदलल्यात, बाकी कुठं जाऊ नकोस.' आम्ही त्याला राखणदार म्हणू लागलो. चार मिनिटांचं काम एका सेकंदावर आलं.

ज्या दिवशी मी हे सगळ्यांना दाखवलं, त्या दिवशी टाळ्या वाजल्या. साहेबांनी समोसे मागवले. माझ्या आयुष्यात इतक्या माणसांनी एकदम माझं कौतुक केल्याचा तो एकमेव प्रसंग, लग्न धरूनही. वैजयंताने तेवढा एक प्रश्न विचारला. ती म्हणाली, "भाऊ, निरोपच आला न्हाई तर?"

मी म्हटलं, निरोप येणारच. ती म्हणाली, तिचे आबा रेल्वेत चावीवाले आहेत. रूळ ज्या लोखंडी चाव्यांनी धरलेला असतो त्या तपासत, सैल असेल ती हातोड्याने ठोकत, ते मळवलीपासून कामशेतच्या बाजूला रोज आपला पट्टा चालतात. रूळ तुटला तर सिग्नल लाल होतो, सगळ्यांना कळतं. चावी सैल झाली तर कुणालाच कळत नाही, म्हणून चालावं लागतं. मी हसलो. तुझ्या आबांना पण एक राखणदार बसवून देऊ, असं म्हणालो. सगळे हसले, तीही हसली. आणि तिची वही बघून मी म्हटलं, "वैजू, आता ही म्युझियमला देऊन टाक. वही लिहायला वेळ कुठं मिळणार तुला? एका सेकंदात यादी येते."

तिने ऐकलं. मी सांगितलं म्हणून ऐकलं. थोड्याच दिवसांत वही दिसेनाशी झाली.

तिचा प्रश्न मात्र बरोबर होता, आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं. ही गोष्ट मी कित्येक वर्षं कुणाला सांगितली नव्हती. निरोप साठवायला जागा ठरावीक असते. एकदम हजारो फायली हलल्या की ती भरते, आणि पुढचे निरोप गळून जातात. तेव्हा राखणदाराला शेवटी एक चिठ्ठी मिळते, 'गर्दी झाली, काही निरोप हरवले, स्वतः हिंडून बघ.' चांगला राखणदार ती चिठ्ठी मिळताच पूर्वीसारखी पूर्ण फेरी मारतो. आमचाही मारायचा. पण मग पुन्हा चार मिनिटं, पुन्हा लोक कप घेऊन उठणार आणि माझ्या टेबलाशी थांबून म्हणणार, "सर, राखणदार झोपला." दोन-तीनदा ऐकलं आणि मला ते लागलं. मी राखणदाराला सांगून टाकलं की त्या चिठ्ठीकडे लक्ष देऊ नकोस. एक ओळ बदलली. त्यानंतर राखणदार कधी झोपला नाही.

आता चिक्कीवाले शेठ. लोणावळ्यात दुकान, मागे कारखाना. माणूस मोठा गमतीचा, फोनवर नमस्काराच्या आधी हवामान सांगायचा. मावळातल्या पावसात हवाच ओली असते. पाकिटाचं तोंड नीट चिकटलं नाही तर आतली चिक्की चार दिवसांत मऊ पडते. म्हणून पावसाळ्याआधी शेठच्या मशीनमध्ये गरम पट्टी जास्त वेळ दाबून ठेवायचं सेटिंग चढवायचं, असा दरवर्षीचा शिरस्ता. त्या वर्षी शनिवारी वैजयंताने ती फाईल बदलली. त्याच शनिवारी मी सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर जुनी ड्रॉइंग नव्या फोल्डरमध्ये हलवत होतो. हजारो फायली एकदम हलल्या. बदलांची यादी मागितली की शेकडो ओळी यायच्या, आणि ती कुणी वाचू नये असं मीच बजावलं होतं. सरळ जमा करा, म्हटलं होतं. तिनेही केलं. सोमवारी आमचा माणूस जमा झालेलं सेटिंग शेठच्या मशीनवर चढवून आला.

पुढच्या शनिवारी शेठ स्वतः आले. छत्री बाहेर न ठेवता तशीच ठिबकत आत आणली, साहेबांच्या टेबलावर एक पाकीट ठेवलं आणि म्हणाले, "खाऊन बघा." साहेबांनी तुकडा तोंडात टाकला. तो दाढेला असा चिकटला की त्यांना बोलताच येईना. शेठ शांतपणे बसून राहिले. हायवेवरच्या दुकानांतून आठवडाभराचा माल परत आला होता. तो काही खाण्यालायक उरला नव्हता.

बातमी वर आली तेव्हा वैजयंताने आधी आपली फाईल उघडली. आकडे बरोबर होते, पावसाळ्याचेच होते. तिचा जीव भांड्यात पडला आणि हाताच्या सवयीने तिने फाईल सेव्ह करून बंद केली. ही सवय आम्हा सगळ्यांनाच आहे, फाईल नुसती वाचली तरी बंद करताना बोट सेव्हवर जातंच. झालं. फाईलवर त्या दिवशीची तारीख पडली. राखणदारालाही या वेळी निरोप पोचला. साहेबांनी मला तपासायला सांगितलं तेव्हा रेपो म्हणाली की जमा झालेल्या फायलीत जुनेच आकडे आहेत, आणि वैजयंताच्या कॉम्प्युटरवर बदल झालाय तो आज सकाळी, शेठ येऊन गेल्यावर. वाचणाऱ्याला एकच अर्थ लागत होता. बाई विसरली आणि बोंब झाल्यावर गुपचूप आकडे घातले.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, मलाही बोलावलं. म्हणाले, विसरणं होतं, कुणाचंही होतं. एका कागदावर लिहून दे की बदल करायचा राहून गेला आणि नंतर केला. शेठना दाखवतो, विषय संपला. नोकरीला धक्का लागणार नाही.

ती म्हणाली, "राहिला नव्हता, साहेब. शनिवारी केलाय मी."

साहेबांनी मान माझ्याकडे वळवली. सिस्टिम चुकू शकते का, असं त्यांनी विचारलं.

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "आजवर चुकलेली नाही."

हे वाक्य मी नंतर किती वेळा उलटसुलट करून बघितलं असेल. त्यात खोटं असं काही नाही. आजवर चुकलेली कुणाला सापडली नव्हती, हे खरंच होतं. खोटं बोलण्याइतका मी वाईट नव्हतो, आणि खरं बोलण्याइतका चांगलाही नव्हतो. ती ओळ, ती चिठ्ठी, शनिवारची ड्रॉइंग, सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं होतं.

केबिनबाहेर आल्यावर ती माझ्या टेबलाशी थांबली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "भाऊ, माझ्या कॉम्प्युटरवर आता कळायचं न्हाई, मीच सेव्ह मारून बसले. पण तुमच्यावर जुनी फेरी लावून बघा की. शनिवारचं आणखी कुणाचं काही राहिलंय का. चार मिनिटं लागतील."

माझा राखणदार, माझी युक्ती, आणि त्यात नेमकं कुठं बोट घालायचं हे त्या मुलीला माझ्यापेक्षा आधी सुचलं होतं. मी म्हटलं, "बघतो."

बघितलं नाही. त्या दिवशी नाही, सोमवारी नाही. कामात होतो असं स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे भ्यालो होतो. फेरीत काही सापडलं तर साहेबांना सांगावं लागणार, ते समोसे, त्या टाळ्या, सगळं उलटं फिरणार. वही असती तर तिने ती पुढे केली असती. शनिवारची ओळ तिथे तिच्या हातची दिसली असती, आणि यादीशी जुळवताना ती फाईल यादीत नाही हे तिला तेव्हाच कळलं असतं. वही मीच बंद करायला लावली होती.

तिने कागद लिहून दिला नाही. पंधरा दिवसांनी राजीनामा दिला. जाताना सगळ्यांना पेढे दिले, मलाही.

ती गेल्यानंतर आठवड्याने मी एका दुपारी राखणदार बंद केला आणि माझ्या कॉम्प्युटरवर पूर्ण फेरी लावली. चहाला गेलो नाही. समोर बसून राहिलो. चार मिनिटांनी माझ्याच तीन फायलींची नावं आली. तिन्ही त्या शनिवारी बदललेल्या, तिन्ही राखणदाराला न दिसलेल्या. मी ती यादी छापून घेतली, घडी घालून खिशात ठेवली. मग ती ओळ पूर्वीसारखी केली, म्हणजे गर्दी झाली की राखणदार पुन्हा फेरी मारू लागला. साहेबांना मी सांगितलं, थोडी सुधारणा केलीय. ते म्हणाले, छान.

कागद घरी घरपट्टीच्या पावत्यांच्या पिशवीत पडून राहिला, आठ वर्षं.

गेल्या श्रावणात मेहुण्याकडची मंडळी आली. त्यांना भाज्याचा धबधबा बघायचा होता. कुणीतरी फोन करून तिथल्या एका ताईंकडे चौदा माणसांचं जेवण सांगून ठेवलं. आम्ही अंगणात शिरलो आणि ताई म्हणजे वैजयंता निघाली. "या भाऊ," म्हणाली, जणू कालच भेटलो होतो. कुणाला भाकरी, कुणाला चपाती, कुणाला तिखट कमी, कुणाला लसूण चालत नाही, चौदा जणांचं तिने कागदाला हात न लावता लक्षात ठेवलं आणि एकाही ताटात चूक केली नाही.

तिचे आबा ओसरीवर होते. रिटायर झालेले, पाय अजून चावीवाल्याचे. वैजयंताने पाण्याची मोटार बंद केली. आबांनी विचारलं, "मोटार बंद केलीस का गं?" ती म्हणाली, केली. तरी ते काठी घेऊन उठले, मागे गेले, बटण बघून आले. ती कोंबड्यांचं खुराडं लावून आली, ते जाऊन कडी हलवून आले. मी गमतीने म्हटलं, आबांची ड्यूटी अजून चालू दिसते.

वैजयंता हात पुसत म्हणाली, "ड्यूटी माझ्यामागं असती त्यांची. त्यांच्या लेखी मी विसरभोळी. कंपनीत विसरले ना, तवापास्नं. येवढं मोठं कॉम्प्युटर खोटं कसं बोलंल, म्हंत्यात. वही सोडलीस, तितंच चुकलीस."

ती हसून म्हणाली, आणि मला तिथे बसवेना. नोकरी गेली तरी ती दुसरं काही उभं करील, असं मनाशी धरून मी आजवर बरा होतो. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या बापाच्या नजरेत ती आठ वर्षं रोज विसरत होती, आणि ते माझ्यामुळे.

पुढच्या मंगळवारी, गिऱ्हाईक नसतं तेव्हा, मी स्कूटर काढून एकटा गेलो. तिच्या हातात कागद दिला आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी, ती ओळ, ड्रॉइंग, केबिनमधलं ते वाक्य. माफी मागितली. तिने तीन नावं वाचली, तारीख वाचली. कागद परत माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "मला हे ठावंच हुतं, भाऊ. मी केलं ते मला ठावं नसंल व्हय? मला कशाला दावता? आबांना वाचून दावा."

मी ओसरीवर आबांसमोर बसलो आणि वाचलं. त्यांना राखणदार, निरोप, चिठ्ठी समजावून सांगायला मला वाटलं होतं तेवढा वेळ लागला नाही. उलट इतक्या लवकर कुणालाच ते समजलं नव्हतं. ते काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते.

"म्हंजी पोरगी बराबर हुती," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

"आन् तिनं सांगून बी तुमी फेरी मारली न्हाई."

"नाही, आबा. भ्यालो."

त्यांनी विचारलं, "किती येळ लागतो त्या फेरीला?"

"चार मिनिटं."

खालून एक मालगाडी गेली, तिचा शेवटचा डबा जाईपर्यंत आबा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला अडीच तास लागायचे."

ते रागावून बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. ते नुसतं सांगत होते. मी मान खाली घालून कागदाची घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बंडीच्या खिशात ठेवली.

वैजयंताने चहा आणला. कप गोळा करून ती आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला, मग ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि मोटारीचं बटण खटकन वाजलं. आबांनी सवयीने काठी टेकवली, अर्धे उठले. क्षणभर तसेच राहिले. मग काठी भिंतीला लावून ठेवली आणि परत खाली बसले.